जुन्या गाडीची चावी हरवली तर: पहिल्या तासापासून नवी चावी हाती येईपर्यंत

काही वर्षांपूर्वी डिसेंबर महिन्यात यावल तालुक्यातील बामणोदच्या शिवारात आमच्या नातेवाइकांच्या शेतावर भरिताचा बेत होता. कपाशीच्या काड्यांच्या जाळात वांगी भाजायला टाकली होती आणि ती उलटवण्यासाठी मी दोन-तीन वेळा वाकलो होतो. जेवणे आटोपून निघताना सदऱ्याच्या वरच्या खिशात हात घातला, तर गाडीची चावी नव्हती. रात्री बॅटरीच्या उजेडात सगळा बांध पालथा घातला. सकाळी राख उपसली तेव्हा चावी सापडली, पण तिचे प्लॅस्टिकचे डोके पूर्ण वितळले होते आणि काळे पडलेले धातूचे पाते तेवढे उरले होते. ते पुसून इग्निशनमध्ये घातले, तर चावी फिरली, स्टार्टरही फिरला, परंतु इंजिन काही सुरू झाले नाही आणि डॅशबोर्डवर चावीच्या आकाराचा लाल दिवा लुकलुकत राहिला. चावी ही एक वस्तू नसून दोन वस्तू असतात, कुलूप फिरवणारे पाते आणि डोक्यात दडलेली चिप, हे मला त्या दिवशी कळले.

माझी गाडी २००८ सालची, सेकंड हँड घेतलेली आणि एकाच चावीवर चाललेली होती. त्यामुळे ती चार दिवस शेतात उभी राहिली आणि नवी चावी हाती येण्यास आणखी नऊ दिवस लागले. जी माहिती मला तुकड्यातुकड्यांनी मिळाली, ती तुम्हाला एका जागी मिळावी, म्हणून हा लेख लिहीत आहे.

१. पहिला तास: शोध आणि संयम

शेवटचे कुलूप कधी लावले किंवा इंजिन कधी बंद केले, तिथून उलट क्रमाने आठवत जा. डिकीच्या कुलपात, पेट्रोलच्या टाकीच्या झाकणात, दुकानाच्या गल्ल्यावर आणि बाजाराच्या पिशवीत चाव्या सर्वाधिक सापडतात. जुन्या गाड्यांत टाकीचे झाकण चावीनेच उघडावे लागते, त्यामुळे पंपावर चावी विसरल्याचे प्रकार बरेच घडतात. शेवटी जिथे इंधन भरले, त्या पंपावर आधी विचारून या. सारंगखेड्याच्या यात्रेसारख्या गर्दीत चावी पडली असेल, तर पोलीस मदत केंद्रावर आपला फोन क्रमांक द्या, मात्र ध्वनिक्षेपकावरून गाडीचा क्रमांक पुकारू देऊ नका. चावी ज्याच्या हाती लागली असेल त्याला ती कोणत्या गाडीची आहे, हे आपणच सांगण्याचे कारण नाही.

या तासात स्टेअरिंगला हिसके देणे, इग्निशनमध्ये स्क्रू ड्रायव्हर घालणे आणि कोणाच्या सांगण्यावरून तारा जोडून इंजिन सुरू करण्याचा प्रयत्न करणे, या तीन गोष्टी करू नका. पहिल्या दोहोंनी कुलूप कायमचे बिघडते आणि मग केवळ चावीवर भागत नाही, अख्खे कुलूप बदलावे लागते. तिसरीने वायरिंग जळू शकते आणि चिपच्या गाडीत तिचा उपयोगही होत नाही.

२. चावी आत राहून दारे बंद झाली असतील तर

गाडीत मूल, वृद्ध व्यक्ती किंवा जनावर अडकले असेल, तर बाकी सारे विसरा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि बंद गाडीच्या आतील उष्णता बाहेरच्यापेक्षा फार लवकर वाढते. अशा वेळी ११२ वर फोन करा आणि मदतीची वाट पाहत न बसता आतील व्यक्तीपासून लांबची बाजूची काच फोडा. घाव मध्यभागी न घालता कोपऱ्याजवळ घालावा. समोरच्या काचेच्या नादी लागू नका. तिच्यात दोन थरांमध्ये चिकट पडदा असल्यामुळे ती तडकते पण मोकळी होत नाही.

आत कोणी नसेल तर घाई करण्याचे कारण नाही. चावी बनवणारे कारागीर दार न बिघडवता उघडून देतात. पट्टी घालून दार उघडण्याचा प्रयोग स्वतः करू नका, कारण दाराच्या आत काचेची यंत्रणा, कुलपाच्या सळया आणि सेंट्रल लॉक असल्यास त्याच्या तारा असतात. एखादी सळई निसटली की दाराचे आतील आवरण काढल्याशिवाय ती पुन्हा बसवता येत नाही.

३. आपली चावी कोणत्या प्रकारची आहे, हे आधी ठरवा

पुढचा सगळा खर्च आणि वेळ यावर अवलंबून आहे, म्हणून या पायरीवर घाई करू नका.

पहिला प्रकार म्हणजे साधी धातूची चावी. अ‍ॅम्बेसेडर, पद्मिनी, जुनी मारुती ८००, जुनी ओम्नी, महिंद्राच्या जुन्या जीप आणि पहिल्या काळातील सुमो या गाड्यांच्या चाव्या अशा आहेत. यात केवळ खाचांचा हिशोब असतो. कुलपाच्या आत पितळेच्या लहान पट्ट्या असतात. चावीच्या खाचा योग्य खोलीच्या असल्या, तर सर्व पट्ट्या एका पातळीत येतात आणि कुलूप फिरते. या गाड्यांत कधी कधी इग्निशन, दारे आणि टाकी यांच्या चाव्या वेगवेगळ्या असतात, विशेषतः मधल्या काळात एखादे कुलूप बदलले गेले असेल तर.

दुसरा प्रकार चिपच्या चावीचा आहे. २००० सालानंतरच्या दशकात कंपन्या एकामागून एक गाड्यांत इमोबिलायझर, म्हणजे ओळखीची चावी नसेल तर इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, बसवू लागल्या. चावीच्या डोक्यात तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी काचेची कुपी किंवा काळा चौकोनी तुकडा असतो, तीच चिप. तिला स्वतःची बॅटरी नसते. इग्निशनभोवती तारेचे एक वेटोळे असते. त्यातून मिळणाऱ्या लहरींवर चिप जागी होते आणि आपला क्रमांक कळवते. तो क्रमांक गाडीच्या स्मृतीत नोंदलेला नसेल, तर इंजिन सुरू होत नाही. बामणोदला माझे पाते वाचले आणि चिप जळाली, म्हणून स्टार्टर फिरूनही गाडी सुरू झाली नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे रिमोट. तो केवळ दारे उघडतो आणि लावतो. त्याची बॅटरी, म्हणजे बहुधा सीआर २०३२ किंवा तत्सम ३ व्होल्टचे बटण सेल, संपली तरी चिपवर काही परिणाम होत नाही. ‘रिमोट चालत नाही, चावी गेली’ असे समजून नव्या चावीवर पैसे घालवणारे लोक मी पाहिले आहेत. आधी सेल बदलून पाहा.

चावी हाती असताना चिप आहे की नाही हे तपासायचे असेल, तर डोक्याभोवती अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचे दोन-तीन थर घट्ट गुंडाळून इंजिन सुरू करून पाहा. फॉइल असताना सुरू होत नाही आणि काढल्यावर होते, असे झाले तर चिप आहे. गाडीवर लाल चावीचा दिवा नसतानाही ही परीक्षा उपयोगी पडते.

४. पोलीस ठाण्यातील नोंद

चावी नुसती हरवली असेल, तर जवळच्या पोलीस ठाण्यात अर्ज देऊन गहाळ झाल्याची नोंद करून घ्या आणि शिक्क्यानिशी प्रत मागा. अर्जात गाडीचा क्रमांक, चॅसिस क्रमांक, चावी कधी व कुठे हरवली आणि एकूण किती चाव्या होत्या, हे स्पष्ट लिहा. पिशवीसह किंवा घरफोडीत चावी चोरीला गेली असेल, तर ‘गहाळ’ असे लिहून मोकळे होऊ नका. चोरीचीच तक्रार द्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे दखलपात्र गुन्ह्याची माहिती कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हद्द कोणतीही असो, आणि तिची प्रत तक्रारदाराला विनामूल्य मिळते.

या कागदाची खरी गरज पुढे लागते. उद्या दुर्दैवाने गाडीच चोरीला गेली, तर विमा कंपनी दावा देताना गाडीच्या सर्व चाव्या मागते. दुसरी चावी का नाही, याचे उत्तर देणारा जुन्या तारखेचा कागद तुमच्याजवळ असला पाहिजे. चावी बदलण्याच्या खर्चासाठी विम्यात वेगळे जोडसंरक्षण (अ‍ॅड-ऑन) असते. तुमच्या पॉलिसीत ते घेतलेले आहे का, हे वाचून पाहा. जुन्या गाडीला अनेक जण केवळ तृतीय पक्ष विमा घेतात, त्यात हा खर्च मिळत नाही.

५. हाताशी ठेवायची कागदपत्रे

- आरसी बुक किंवा स्मार्ट कार्ड. डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधील प्रत कायद्याने ग्राह्य असली, तरी चावीच्या कामासाठी मूळ कार्ड जवळ असलेले बरे.
- मालकाचे ओळखपत्र, छायाप्रतीसह.
- चालू विम्याची प्रत.
- पोलिसांकडील नोंदीची प्रत.
- गाडी नवी घेताना मिळालेली चावी क्रमांकाची धातूची लहान पट्टी किंवा कोड कार्ड, असल्यास.
- मालक स्वतः येऊ शकत नसतील, तर त्यांचे सहीचे अधिकारपत्र.

आरसी तुमच्याच नावावर हवी, हा यातील सर्वांत मोठा अडसर आहे. माझ्या गाडीचे हस्तांतर करायचे राहून गेले होते. जळगावातील सेवा केंद्राने चॅसिस क्रमांकावरून चावी मागवण्यास नकार दिला आणि तो नकार योग्यच होता, कारण ज्याच्या नावावर गाडी नाही त्याला चावी करून देणे म्हणजे चोराला वाट दाखवण्यासारखे आहे. अखेर पूर्वीचे मालक धुळ्याहून स्वतः आले, त्यांनी ओळखपत्र दाखवून सही केली, तेव्हा काम पुढे सरकले. ते दूर कुठे स्थायिक झाले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही अस्वस्थ करतो. तुमचे हस्तांतर राहिले असेल, तर फॉर्म २९ आणि ३० भरून जळगाव, धुळे किंवा नंदुरबार, जिथे तुमचे परिवहन कार्यालय असेल तिथे ते आधी पूर्ण करा. गाडीला १५ वर्षे झाली असतील, तर नोंदणीचे नूतनीकरण झाले आहे का, हेही त्याच फेरीत पाहा.

६. चावी कोणाकडून करून घ्यावी

साध्या चावीसाठी गावातील अनुभवी कारागिरासारखा दुसरा पर्याय नाही. माझ्या मामांच्या नव्वदच्या दशकातील जीपची एकुलती चावी हरवली, तेव्हा अमळनेरच्या एका कारागिराने ती माझ्यासमोर केली. आल्याबरोबर ते म्हणाले, “भाऊ, पहिले कागद दखाडा.” आरसी बघितल्यावरच त्यांनी पेटी उघडली. एक कोरी चावी मेणबत्तीच्या ज्योतीवर धरून काजळली, कुलपात घालून अगदी हलकासा ताण दिला आणि बाहेर काढली. काजळीवर पट्ट्यांनी टेकून केलेले सुईच्या टोकाएवढे चमकदार ठिपके दिसत होते. तेवढ्याच जागी त्यांनी बारीक कानशीचे दोन-तीन हात दिले, पुन्हा काजळली, पुन्हा घातली. जिथे ठिपका उमटायचा थांबला, तिथली खाच पुरी झाली. अर्ध्या-पाऊण तासात जीपचे कुलूप फिरले. घाई करून एक हात जास्त मारला असता, तर कोरी चावी वाया गेली असती. कागद न मागता चावी करून देणारा कारागीर भेटला, तर त्याच्याकडे आपली गाडी सोपवू नका.

अशा वेळी आणखी एक युक्ती कामी येते. इग्निशनचे कुलूप रोजच्या वापराने झिजलेले असते, पण डावीकडील दाराचे कुलूप सहसा कोणी चावीने उघडत नाही. दोन्हींची चावी एकच असेल, तर ते कुलूप काढून त्यातील पट्ट्यांवरून चावी कापली की मूळच्या मापाच्या जवळ जाणारी चावी मिळते. काही गाड्यांत त्या कुलपाच्या अंगावर चावीचा क्रमांकही कोरलेला असतो.

चिपच्या चावीचे काम दोन टप्प्यांत होते: पाते कापणे आणि चिपची नोंद गाडीच्या स्मृतीत करणे. एक चालू चावी हाती असेल, तर बाजारातील यंत्र असलेले कारागीरही हे करतात, कारण काही चिपांची हुबेहूब प्रत काढता येते. एकही चावी नसेल, तर कंपनीच्या सेवा केंद्राकडे जाणे मला अधिक सुरक्षित वाटते. ते चॅसिस क्रमांकावरून सुरक्षा कोड मिळवतात, चावी मागवतात आणि गाडीला जोडलेल्या संगणकावरून नोंद करतात. गाडी तिथवर न्यावी लागते. स्टेअरिंग कुलूपबंद असताना दोराने ओढत नेणे धोक्याचे आहे. पुढची चाके उचलणारी किंवा अख्खी गाडी वर घेणारी टोइंग गाडीच बोलवा.

साधी चावी काही शे रुपयांत होते, चिपची काही हजारांत जाते. काम सुरू होण्यापूर्वी पाते, चिप, रिमोट आणि नोंदणी यांचा वेगवेगळा दर लिहून घ्या. ‘चिपची भानगडच काढून टाकतो, मग कोणतीही चावी चालेल’ असे कोणी सुचवले, तर स्पष्ट नाही म्हणा. पैसे वाचल्यासारखे वाटते, पण गाडीचे एकमेव खरे संरक्षण निघून जाते आणि विम्याच्या दाव्यात तोच मुद्दा तुमच्याविरुद्ध उभा राहतो.

जळालेले पाते मी रोज वापरावे म्हणून पुढे केले, तेव्हा सेवा केंद्रातील मेकॅनिकने ते बोटांनी किंचित वाकवून दाखवले. जाळात तापल्यामुळे धातू मऊ पडला होता. कुलपात तो तुटला असता. खाचा वाचण्यापुरताच त्याचा उपयोग झाला.

७. हरवलेली चावी अजून कोणाच्या तरी हाती आहे

नवी चावी आली म्हणजे काम संपले, असे नाही. चिपच्या गाडीत नोंदणी करताना जुन्या चावीचा क्रमांक स्मृतीतून काढून टाकण्यास सांगा. अनेक गाड्यांत नवी नोंद करताना समोर नसलेल्या चाव्या आपोआप बाद होतात, म्हणून घरातील प्रत्येक चावी त्या दिवशी सोबत न्यावी, अन्यथा चांगली चावीही निकामी होऊन बसते. परंतु लक्षात घ्या, बाद झालेल्या चावीने इंजिन सुरू होत नसले, तरी दार उघडतेच. गाडीत कागद किंवा माल ठेवत असाल आणि चावी चोरीस गेलेली असेल, तर दारांची कुलपेही बदला. साध्या चावीच्या गाडीत तर कुलपे बदलणे हाच उपाय आहे. मारुती ८०० आणि अ‍ॅम्बेसेडर यांचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले, ओम्नी आणि सुमो यांचे २०१९ मध्ये. त्यामुळे अशा गाडीसाठी इग्निशन, दारे आणि डिकी यांचा एकाच चावीचा पूर्ण संच कुठे दिसला, तर तो घेऊन ठेवण्यात शहाणपण आहे.

८. सेकंड हँड गाडी घेताना

व्यवहार ठरवतानाच किती चाव्या आहेत, हे विचारा आणि सौदापावतीवर संख्या लिहून घ्या. नवी गाडी दोन चाव्यांसह मिळते. मालकाजवळ एकच असेल, तर दुसरी करून देण्याचा खर्च किमतीतून कमी करून मागा. प्रत्येक चावीने प्रत्येक कुलूप स्वतः उघडून पाहा. चावी क्रमांकाची पट्टी अनेकदा जुन्या पुस्तिकेच्या पाकिटात पडून असते, तीही मागून घ्या. मी हे काहीच विचारले नव्हते.

९. दुसरी चावी करणे आणि सांभाळणे

बहुतेक लोक मूळ चावी वापरतात आणि प्रत कपाटात ठेवतात. जुन्या गाडीच्या बाबतीत उलट करावे, असे माझे ठाम मत आहे. चावी रोज झिजते. वीस वर्षे वापरलेल्या चावीवरून काढलेली प्रत ती झीजही उतरवून घेते आणि प्रतीची प्रत काढली की चूक आणखी वाढते. म्हणून जी चावी सर्वांत कमी झिजलेली आहे ती नमुना म्हणून बाजूला ठेवा आणि तिच्यावरून केलेली प्रत रोज वापरा. क्रमांक उपलब्ध असेल तर क्रमांकावरून कापलेली चावी केव्हाही अधिक चांगली, कारण ती मूळ मापाची असते.

चावीचे डोके तुटल्यास नवे आवरण बसवता येते, पण जुने आवरण फेकण्यापूर्वी आतील चिप काढून नव्यात बसवली आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. चिप जुन्या आवरणासोबत कचऱ्यात गेल्याची उदाहरणे आमच्या भागात दोन तरी मला ठाऊक आहेत.

दुसरी चावी गाडीत, चाकावरच्या कमानीत किंवा बंपरखाली लपवू नका. ती घरातील एका ठरलेल्या जागी ठेवा आणि नेहमी प्रवास होत असेल, तर तिसरी एखादी परगावच्या विश्वासू नातलगाकडे ठेवा. चावीच्या साखळीवर गाडीचा क्रमांक लिहू नका, फक्त फोन क्रमांक लिहा. चावीचा फोटोही कोणाला पाठवू नका, कारण स्पष्ट फोटोवरून खाचांची मापे काढता येतात. साखळीत घराच्या, गोडाऊनच्या, कपाटाच्या सगळ्या चाव्या अडकवल्या, तर त्यांच्या वजनाने इग्निशनचे कुलूप झिजते, आणि दोन चिपच्या चाव्या एकत्र लावल्या, तर कधी कधी गाडी आपली चावी ओळखत नाही.

आपल्याकडे धूळ फार. कुलपात तेल सोडले, तर ती तेलात मिसळून काळा मळ तयार होतो आणि पट्ट्या अडकतात. त्याऐवजी ग्रॅफाइटची पूड चिमूटभर फुंकून चावी चार-पाच वेळा आत-बाहेर करावी. चावी फिरत नसेल तर जोर न लावता स्टेअरिंग हलकेच डावीकडे-उजवीकडे हलवत फिरवा; बहुतेक वेळा चाकांचा ताण कुलपावर आलेला असतो. रिमोटची चावी वैशाखात डॅशबोर्डवर ठेवू नका, आणि कपाटातल्या रिमोटचा सेल फुगला किंवा पाझरला नाही ना, हे मधून मधून उघडून पाहा.

दसऱ्याला गाडी धुऊन, झेंडूचा हार घालून पूजा करण्याची पद्धत घरोघर आहे. आमच्या घरी आता त्या दिवशी कपाटातील चावी बाहेर निघते. तिने चारही दारे, डिकी आणि टाकीचे झाकण उघडून पाहतो, इंजिन सुरू करून दोन मिनिटे चालू ठेवतो, आणि मग तारीख लिहिलेल्या पाकिटात घालून ती परत तिच्या जागी ठेवून देतो.